जानेवारीचे बंदर : तारापूर अणुविद्युत केंद्राची वाटचाल

१९ जानेवारी १९७० रोजी, सोमवारी, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तारापूरचे अणुविद्युत केंद्र राष्ट्राला अर्पण केले. केंद्राची वीज त्याआधी नऊ महिन्यांपासून तारांतून वाहत होती आणि व्यापारी तत्त्वावरची निर्मितीही २८ ऑक्टोबर १९६९ला सुरू झाली होती. तरी लोकांच्या मनात ठसली ती १९ जानेवारीच. बोईसर-तारापूरच्या जुन्या माणसांना ‘टॅप्स’, म्हणजे हे केंद्र, कधी सुरू झाले असे विचारले, की ते इंदिराबाई आल्या त्या थंडीची आठवण सांगतात.

संस्थेचा इतिहास लिहिताना पहिली निविदा, पहिला करार, पहिली वीट अशी सुरुवात करण्याची पद्धत आहे. मला ती इथे अपुरी वाटते. ज्या किनाऱ्यावर हे केंद्र उभे आहे तो अणुभट्टी येण्याआधी कित्येक शतके बंदराचा किनारा होता. इथले व्यापार, लढाया, बांधकामे आणि समारंभ हवामान पाहूनच ठरत आले, आणि त्यातले पुष्कळसे जानेवारीत घडले. हा योगायोग नाही, असे माझे मत आहे.

आधी तो जानेवारी कसा असतो ते सांगायला हवे. पावसाळ्यात या किनाऱ्यावर समुद्र माणसाला उभा राहू देत नाही. नारळी पौर्णिमेला दर्या शांतवतात, होड्या लोटतात, पण खरा सुखाचा समुद्र मिळतो तो दिवाळीनंतर. पौष लागेपर्यंत हवा कोरडी झालेली असते. उत्तरेचा वारा सुटतो आणि पहाटे पारा सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरतो. मुंबईकराला ही थंडी म्हणजे चैन. इथल्या माणसाला तो कामाचा मोसम. रात्री जमीन गार पडली की पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी जमीन तापली की खारा वारा समुद्राकडून आत येतो. शिडाच्या काळात या दोन वाऱ्यांवर सगळा प्रवास चालत असे. पहाटे मतलईवर गलबत बाहेर काढायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर, भरतीची वेळ साधून, खाडीत आणायचे. पावसात हे जमत नाही, आणि मे महिन्यात वारा फार उग्र होतो. जानेवारीत मात्र वारा घड्याळासारखा नेमाने वागतो.

याच दिवसांत सातपाटी, नवापूर, दांडी, उच्छेळी, घिवलीच्या किनाऱ्यावर वलांड्या भरतात. बांबूच्या या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने लटकवलेले असतात आणि उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यात ते दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात. मध्येच आभाळ आले, हवेत ओल आली, की माल काळा पडतो आणि कोळणीची आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. वाडवळ घरांत उकडहंडी लागते, आंब्याला मोहोर येतो आणि पहाटेच्या धुक्यात बोईसर स्टेशनवरचे लोक गाडीच्या दिव्याकडे डोळे लावून उभे असतात. केंद्रात बाहेरून कामाला आलेली माणसे या भागाशी जोडली गेली ती पुष्कळदा अशा हिवाळ्यांमुळेच.

तारापूरची खाडी फार मोठी नाही. तिच्या उत्तर काठावर चिंचणी, दक्षिण काठावर तारापूर. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांमुळे हा किनारा भारताच्या इतिहासात ठळकपणे आला. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६च्या सुमारास, संजाण प्रांतावर मुहम्मद नावाचा एक अरब अधिकारी राज्य करत होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ असे संस्कृत रूप घेऊन आले आहे. त्याने नदीवर फुकट तरीची सोय केली आणि वाटसरूंना भात, कालवण आणि तूप देणारे अन्नछत्र चालवले, अशी नोंद त्यात आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी या भागाचा कारभार परक्या वंशाच्या, परक्या धर्माच्या माणसाच्या हाती होता आणि त्याने केलेली लोकोपयोगी कामे संस्कृतात कोरली गेली, हे मला फार मोलाचे वाटते. बाहेरून आलेल्या माणसाला सामावून घेण्याची सवय या बंदराला फार जुनी आहे.

सगळेच बाहेरचे मात्र अन्नछत्र घालायला आले नाहीत. १५३३मध्ये पोर्तुगीजांनी तारापूर जाळले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १५३४मध्ये, गुजरातच्या बहादूरशाहाने वसई त्यांच्या हवाली केली. १५५९मध्ये दमण त्यांच्या हाती गेले आणि वसई ते दमण हा सारा किनारा किल्ल्यांनी आणि चौक्यांनी बांधला गेला. तारापूर हे या साखळीतले मोक्याचे ठिकाण होते. पूर्वेच्या जंगलातले लाकूड, भात आणि मीठ या खाड्यांतून बाहेर जाई. किल्ला, चर्च, धर्मगुरूंचा मठ आणि जकातीची व्यवस्था असे वसाहती बंदराचे पुरते रूप इथे होते. हे बंदर गोवा किंवा सुरत यांच्या तोडीचे कधीच नव्हते. मोठ्या बंदरांना लाकूड आणि धान्य पुरवणारे ते दुय्यम बंदर होते. पण अशा दुय्यम बंदरांवाचून मोठी बंदरे चालत नाहीत, आणि त्यांचा इतिहास लिहायला सहसा कोणी बसत नाही.

समुद्रमार्गे येणारे प्रवासीही मोसम पाहूनच येत. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५च्या प्रारंभी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, दमणला उतरला आणि पुढे वसईला गेला. दमण-वसई समुद्रवाट तारापूरसमोरूनच जाते.

तारापूरवरची पोर्तुगीज सत्ता गेली तीही जानेवारीत. चिमाजी अप्पांची उत्तर कोकणची मोहीम १७३७मध्ये सुरू झाली. ठाणे आणि साष्टी लवकर हाती आले, वसई मात्र दाद देईना. तेव्हा वसईला उत्तरेकडून मिळणारी रसद तोडायचे ठरले. १७३८-३९च्या हिवाळ्यात चिमाजी अप्पा फौजेसह या भागात उतरले. जानेवारी १७३९मध्ये माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी एकामागून एक पडली आणि महिन्याच्या उत्तरार्धात तारापूरची पाळी आली. इथे पोर्तुगीज निकराने लढले. मराठ्यांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले आणि हातघाईची लढाई झाली. बाजी भिवराव रेठरेकर हे पेशव्यांच्या जवळचे सरदार याच वेढ्यात कामी आले. पेशवे घराण्याला हा घाव जिव्हारी लागला. वसई मे १७३९मध्ये पडली. विजयाचा उत्सव वसईच्या नावाने होतो, ते योग्यच आहे. पण तारापूर पडल्यावर वसईची उत्तरेची बाजू उघडी पडली, हे विसरता कामा नये.

ही मोहीम जानेवारीत का झाली, हे कोणाही शेतकऱ्याला विचारावे. पावसात इथली खाजणे आणि शेते चिखलाने भरतात, तोफा ओढता येत नाहीत आणि सुरुंगाची दारू कोरडी राहत नाही. भात कापून झाले, जमीन टणक झाली, ओहोटीला खाड्या उतरता येऊ लागल्या, की फौज चालू लागते. मे अखेरीस ढग दिसायच्या आत काम उरकावे लागते. वसईची लढाई पावसाच्या तोंडावर संपली, हे याच हिशेबाने घडले.

पुढे पेशवाईत आणि नंतर इंग्रजी अमलात तारापूरचे नाव गाजवले ते इथल्या पारशी व्यापाऱ्यांनी. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू मूळचे तारापूरचे. विकाजींनी जकातीचे मक्ते घेऊन व्यवसाय वाढवला. मग ही पेढी थेट हैदराबादेत पोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत आणण्याचा व्यापार या घराण्याने मोठा केला, निजामाच्या सरकारला कर्जे दिली आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेला ‘पेस्तनशाही’ रुपया त्यांच्याच नावाने ओळखला गेला. निजामाकडे अडकलेल्या रकमांपायी १८४०च्या दशकात पेढी बुडाली. या लहानशा बंदरातली पेढी एका संस्थानाची सावकार झाली होती, यावरून तारापूरची तेव्हाची ऐपत कळते.

बंदर ओसरले ते रेल्वेने. मुंबईहून गुजरातकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. कंपनीची लोहमार्गाची वाट १८६४मध्ये पुरी झाली. ती समुद्रापासून आत, बोईसर-पालघरवरून गेली. जो माल खाडीतून जात होता तो हळूहळू स्टेशनवर येऊ लागला. शंभर वर्षे तारापूर शांत राहिले.

आता केंद्राच्या गोष्टीकडे वळतो. तिची मुळे तुर्भ्यात आहेत आणि तिथेही जानेवारीच भेटतो. ‘अप्सरा’ ही देशाची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ला, भर पावसात, कार्यान्वित झाली. पण तिचे आणि तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेचे औपचारिक उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले २० जानेवारी १९५७ला. ‘सायरस’ १० जुलै १९६०ला कार्यान्वित झाली, तिचे उद्घाटन १६ जानेवारी १९६१ला. प्लुटोनियम संयंत्राचे उद्घाटन लालबहादूर शास्त्रींनी केले २२ जानेवारी १९६५ला. तुर्भ्याच्या संस्थेला होमी भाभांचे नाव दिले गेले तेही जानेवारी १९६७मध्ये. शास्त्रज्ञांचे काम पावसाकडे पाहून थांबत नव्हते, हे या तारखांवरून दिसते. पण शेकडो पाहुणे, कामगार आणि त्यांची कुटुंबे उघड्या मैदानावर बसवायची तर मुंबईच्या आसपास त्यासाठी जानेवारीसारखा महिना नाही. ज्या कारणाने बंदरात गलबते याच मोसमात येत, त्याच कारणाने देशाचे पंतप्रधानही याच मोसमात आले.

तारापूरची कल्पना डॉ. भाभांची. पश्चिम भारतात कारखाने वाढत होते आणि कोळसा मात्र शेकडो मैल दूर, बंगाल-बिहारच्या खाणींत होता. तो आगगाडीने वाहून आणायचा म्हणजे भाडेच डोईजड. मुंबई आणि अहमदाबाद या दोन गिऱ्हाइकांच्या मधोमध, थंड करायला अमाप पाणी असलेल्या, खडकाळ पायाच्या किनाऱ्यावर अणुवीज परवडेल, असा त्यांचा हिशेब होता. १९६०मध्ये जागतिक निविदा मागवल्या गेल्या. सात प्रस्ताव आले. त्यांतून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची उकळत्या पाण्याची अणुभट्टी निवडली गेली. भाभांचा स्वतःचा कल दीर्घ पल्ल्यासाठी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याच्या भट्ट्यांकडे होता. तारापूरला मात्र परदेशी, समृद्ध युरेनियमवर चालणारी भट्टी घेतली, कारण अणुवीज भारतात लवकर आणि स्वस्तात तयार होऊ शकते हे आधी दाखवून द्यायचे होते. त्या निर्णयावर नंतर खूप टीका झाली. माझ्या मते निर्णय बरोबर होता. पण त्याची किंमत पुढे वीस वर्षे मोजावी लागली, तीही नाकारता येत नाही.

८ ऑगस्ट १९६३ला भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा सहकार्य करार झाला. इंधन अमेरिका पुरवणार होती. सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले, पाऊण टक्का व्याजाने, चाळीस वर्षांच्या मुदतीने. मे १९६४मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी कंत्राट झाले, उभारणीचे काम बेक्टेल कंपनीकडे गेले आणि त्याच वर्षी पावसाळा संपताच, ऑक्टोबरात, जमिनीवर काम सुरू झाले.

काम रंगात असतानाच २४ जानेवारी १९६६चा दिवस उजाडला. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळले आणि व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या डॉ. भाभांसह सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. लालबहादूर शास्त्रींना ताश्कंदला देवाज्ञा होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच २४ जानेवारीला दिल्लीत इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. शपथविधीच्या दिवशीच देशाने आपला अणुशास्त्रज्ञ गमावला, आणि त्या शास्त्रज्ञाचे स्वप्न चार वर्षांनी, जवळपास त्याच तारखेला, त्याच पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रार्पण झाले. तेव्हा अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाईंकडे होती.

पहिली भट्टी १ फेब्रुवारी १९६९ला कार्यान्वित झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. दुसरी त्याच महिन्याच्या २८ तारखेला. १ एप्रिलला पहिल्या संचाची वीज जाळ्यात गेली, ५ मेला दुसऱ्याची. प्रत्येकी २१० मेगावॉटचे हे दोन संच तेव्हा आशियात नवल होते.

भट्टी चालते कशी, हे दोन ओळींत सांगतो, कारण केंद्राबाहेरच्या वाचकाला ते क्वचितच कोणी सांगते. युरेनियमचे अणू फुटताना उष्णता निघते, तिने पाणी उकळते, वाफ टर्बाइन फिरवते. वाफेचे काम झाले की तिला पुन्हा पाणी करायचे असते, आणि तिथे आपला समुद्र कामाला येतो. भरती-ओहोटीचे मोठे अंतर असलेल्या या किनाऱ्यावरून पाणी आत घेतात, ते कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरवतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. समुद्राचे पाणी जितके गार, तितकी वाफ चांगली आटते, कंडेन्सरमधली पोकळी चांगली टिकते आणि तेवढ्याच उष्णतेतून थोडी जास्त वीज मिळते. वर्षातले सर्वांत गार पाणी जानेवारी-फेब्रुवारीत असते. बोंबील वाळवणारी कोळीण आणि नियंत्रण कक्षातला अभियंता असे दोघेही एकाच वाऱ्याची वाट पाहतात.

१८ मे १९७४ला पोखरणला अणुचाचणी झाली आणि तारापूरचे दिवस फिरले. अमेरिकेने इंधनाला उशीर करायला सुरुवात केली, १९७८मध्ये तिकडे अणुइंधनाच्या निर्यातीवर बंधने घालणारा नवा कायदा झाला आणि दोन वर्षांत पुरवठा बंद पडला. करार आपण मोडला नव्हता. चाचणीसाठी तारापूरचे इंधन वापरलेही नव्हते. तरी शिक्षा भोगली ती या केंद्राने. इंधन पुरवून पुरवून वापरायचे, म्हणजे वीज कमी काढायची, अशी वर्षे आली. १९८२मध्ये फ्रान्सने पुरवठा मान्य केला, तो १९९३मध्ये मूळ करार संपेपर्यंत चालला. आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन घरी तयार करून भट्टीत वापरून दाखवले. पुढे १९९५मध्ये चीनकडून आणि २००१मध्ये रशियाकडून युरेनियम आले. चार देश बदलले, भट्टी तीच राहिली. या काळातली माणसे हीच या केंद्राची खरी कमाई आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

यंत्रांचीही परीक्षा झाली. टर्बाइनला जादा वाफ पुरवणाऱ्या दुय्यम वाफजनकांच्या नळ्या गळू लागल्या, ते वाफजनक वापरातून काढावे लागले आणि १९८०च्या दशकात प्रत्येक संचाची क्षमता २१०वरून १६० मेगावॉटवर आणली गेली. सुरुवातीच्या दशकांत दुरुस्ती करणाऱ्यांच्या वाट्याला येणारा किरणोत्सर्गही आजच्या मानाने पुष्कळ जास्त होता. केंद्राच्या गौरवपर लेखनात हे लिहू नये, असे काहींना वाटेल. मला वाटते, लिहिलेच पाहिजे. त्या माणसांनी तो भार अंगावर घेतला म्हणून केंद्र टिकले.

१९८७मध्ये न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि केंद्र तिच्या अखत्यारीत आले. २००५-०६मध्ये जुन्या दोन्ही संचांची सखोल तपासणी आणि सुधारणा झाली. ऑक्टोबर २०१९मध्ये त्यांनी व्यापारी निर्मितीची पन्नास वर्षे पुरी केली, तेव्हा जगात चालू असलेल्या सर्वांत जुन्या वीजनिर्मिती अणुभट्ट्यांत त्यांची गणना होत होती. २०२०मध्ये त्यांना मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले.

दरम्यान शेजारी दोन मोठे संच उभे राहिले होते. ५४० मेगावॉटचे, नैसर्गिक युरेनियमवर आणि जड पाण्यावर चालणारे, संपूर्ण भारतीय आराखड्याचे. मार्च २०००मध्ये पहिले काँक्रीट पडले. चौथा संच तिसऱ्याच्या आधी, ६ मार्च २००५ला कार्यान्वित झाला, तिसरा २१ मे २००६ला. ३१ ऑगस्ट २००७ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. भाभांना ज्या वाटेने जायचे होते, ती वाट तारापूरला अशी चाळीसेक वर्षांनी येऊन मिळाली.

या नव्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या दोन गावांना उठावे लागले. घर, शेत, झाडे, मसणवाट, होडी ओढायची जागा असे सगळेच गेले. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. नवी घरे मिळाली, पण समुद्राकाठच्या माणसाला समुद्रापासून लांब वसवले की त्याचा धंदाच मोडतो, हे कागदावर मांडता येत नाही. बंदर किल्ल्यासाठी वाकले, मग जकातीसाठी वाकले, शेवटी विजेसाठी गावे उठली. वीज ही देशाची गरज होती, हे खरे. पण या दोन गावांचा उल्लेख केंद्राच्या इतिहासात तळटीप म्हणून येत असेल, तर तो इतिहास अपुरा आहे.

केंद्राने या भागाचे रूप पालटले, यात शंका नाही. बोईसर हे खेड्यापाड्यांचे स्टेशन होते, ते गजबजलेले शहर झाले. केंद्रापाठोपाठ औद्योगिक वसाहत आली. ती बोईसरला आहे, पण तिच्या पाटीवर नाव तारापूरचे. टॅप्स कॉलनीत तमिळ, बंगाली, गुजराती, मलयाळी घरे शेजारी शेजारी नांदली आणि अणुऊर्जा केंद्रीय विद्यालयात त्यांची मुले इथल्या मुलांबरोबर शिकली. ऑगस्ट २०१४मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा देशाच्या नकाशावर त्याची पहिली ओळख अणुवीज हीच होती. भाभा अणुसंशोधन केंद्राची इंधन पुनर्प्रक्रियेची आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या व्यवस्थेची कामेही याच आवारात चालतात.

अजून एक काम राहिले आहे. केंद्राचे अधिकृत दप्तर जपलेले आहे, माणसांचे नाही. १९६४ ते १९७० या काळात बांधकामावर असलेले कामगार, ठेकेदारांकडे माती वाहणाऱ्या आदिवासी बायका, बोईसर स्टेशनवरून सामान नेणारे गाडीवाले, घिवली-दांडीचे मच्छीमार यांच्यापैकी थोडीच माणसे आता उरली आहेत. आपल्या घरात त्या काळचा फोटो, हजेरीपत्रक, पत्र, १९ जानेवारी १९७०च्या समारंभाची निमंत्रणपत्रिका, काहीही असेल, तर त्याची प्रत केंद्राच्या ग्रंथालयाला द्यावी. येत्या १९ जानेवारीच्या राष्ट्रार्पण-स्मरणाच्या कार्यक्रमात पोफरण आणि अक्करपट्टीच्या एका तरी वडीलधाऱ्याला मंचावर बसवून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, ही संयोजकांना कळकळीची विनंती.